तिसऱ्या तुकड्यावर टाच

विहीणबाईंची रिकामी सूटकेस.
घड्याळातून उडालेला स्क्रू.
हनुवटीखाली तळहात.
ऑप-थॅल-मॉ-ल-जी!

सांगतो, सगळं सांगतो. इंग्रजी शब्द कितीही लांबलचक असू द्या, मी त्याचे तुकडे करून हातात देतो! म्हणून सूनबाईला मोठ्या हॉस्पिटलात अनाउन्सरच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मी जाहीरच केलं, "नोकरी मिळाली समजा. शिकवणार मी!"

पद्धत सोपी. हनुवटीखाली तळहात धरायचा. हनुवटी जितक्यांदा हातावर टेकेल, तितके तुकडे. ज्या तुकड्यावर जोर, तिथे टाच आपटायची!

"डोळ्यांचा विभाग, ऑप्थॅल्मॉलजी. ऑप!" मी टाच आपटली.

"बाबा, जोर तिसऱ्यावर असेल का?" सूनबाई हळूच म्हणाली.

"तेच तर! परीक्षा घेत होतो तुझी."

मग काय! मॉ! धाड! मॉ! धाड! आमची हीसुद्धा झाडू टाकून सामील झाली.

खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका डोळ्याला भिंग तसंच ठेवून दारात हजर. "अहो, माझे स्क्रू बेडकासारखे उड्या मारतायत!" आत बघतात तर सून पाय आपटतेय, सासू ओरडतेय, सासरा हनुवटीला हात लावून बसलाय. काका भांडण समजून खाली गेले आणि त्यांनी थेट विहीणबाईंना फोन लावला.

विहीणबाई रिकामी सूटकेस घेऊन वादळासारख्या आल्या. "भर गं कपडे! चल घरी!"

"आई, अगं अभ्यास चाललाय!"

"पाय आपटून?"

"हनुवटी धरा, विहीणबाई," मी म्हणालो. त्यांचा हात माझ्या दिशेने आला. "स्वतःची!"

या गोंधळात मुलाखतीची वेळ झाली. सूटकेससकट सगळी वरात हॉस्पिटलात.

आत सवयीने सूनबाईची टाच बसली ती नेमकी वायरवर. माइक बंद! पण तिचा "मॉ" बंद दारातून बाहेर बाकापर्यंत खणखणीत आला. मुलाखत घेणारे साहेब दार उघडून म्हणाले, "यांना माइक कशाला? उद्यापासून या."

मी बाकावर उभा राहिलो. "शिष्या माझी!" अख्ख्या रांगेला सांगितलं.

"सगळं बाबांमुळे," सूनबाई म्हणाली. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं! विहीणबाई मात्र सूटकेसवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. मला वाटलं, आनंदच.

लग्नाआधी सूनबाई कॉलेजात इंग्रजी शिकवत होती.