जावयाच्या चाकांना खोबरेल

जावई धोंड्याच्या जेवणाला सायकलवरून येणार असं कुणी आधी सांगितलं असतं, तर रंगरावांनी आमंत्रण थेट पुढच्या अधिक महिन्यावर ढकललं असतं. चूक तशी त्यांचीच. फोनवर "आपलंच घर आहे, अगदी सहज या," असं तेच म्हणाले होते. आता आय.टी.तला माणूस, दाराशी मोटार असलेला, तो सहज म्हणजे तरी किती सहज येणार! (टेलिफोन खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला फोनवर बोलता येऊ नये, याचं त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंना नवल वाटलं नाही.)

अनिरुद्धराव वाघोलीहून विश्रांतवाडीपर्यंत भर पावसात सायकल मारत आले. डोक्यावर हेल्मेट, अंगात घट्ट चड्डी आणि पाठीवर मानेपासून खालपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा. तळमजल्यावरचे महिपती पार्किंगमध्ये खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय रंगराव, जावयाची नोकरी गेली वाटतं?"

"व्यायाम आहे तो," रंगराव म्हणाले.

"असं होय! म्हणजे आपणही जन्मभर व्यायामच करत होतो. फक्त आपल्याला कुणी सांगितलं नाही."

हे रंगरावांच्या जिव्हारी लागलं. निवृत्त होईपर्यंत ते ऑफिसला सायकलनेच गेले होते, आणि त्यात हौसेचा भाग मुळीच नव्हता. सायकल विकली त्या दिवशी त्यांनी घरात पेढे वाटले होते.

पण त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. चैतालीचं लग्न झाल्यापासून सासरे-जावयात एकच संवाद चालू होता. "ऑफिस काय म्हणतंय?" "ठीक चाललंय." की दोघेही पंख्याकडे बघत बसायचे. अनिरुद्ध भिडस्त, रंगराव त्याहून भिडस्त. एकुलती एक लेक ज्याच्या घरी दिली, त्या मुलाने आपल्याशी घटकाभर मोकळेपणी बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं. आज तो योग येईल असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. पण बोलायचं कशावर? जावयाचं काम त्यांना कळत नव्हतं, आणि टेलिफोन खात्यातल्या गमती ऐकून जावई "हो का?" म्हणायचा.

मदतीला आदल्या दिवशीच आलेल्या चैतालीने नवऱ्याला कोरडे कपडे दिले. कौशल्याबाईंनी जावयाला पाटावर उभं करून कोमट पाण्याने पाय धुतले, ओवाळलं, अनारशांचं वाण दिलं. "अहो आई, राहू द्या ना," म्हणून अनिरुद्ध लाजून अर्धा झाला. जेवण पुरणाच्या धोंड्यांसह यथासांग पार पडलं.

"ऑफिस काय म्हणतंय?" रंगरावांनी विचारलं.

"ठीक चाललंय, बाबा."

पंखा फिरत राहिला. थोड्या वेळाने जावई पुरणाच्या गुंगीत दिवाणावर झोपला, आणि रंगराव हळूच जिना उतरले.

खाली ती सायकल चिखलाने माखून उभी होती. सायकलबद्दल मनात कितीही राग असला तरी भिजून आलेलं चाक तसंच सोडणं त्यांच्या हाताला पटेना. जावयाचे पाय धुतले, मग त्याच्या चाकांनी काय पाप केलं होतं? त्यांनी बादली आणली, जुना बनियन आणला, सायकल उलटी उभी केली आणि बैठक मारली. एकेक तार पुसली. कौशल्याबाईंच्या केसांच्या आकड्याने टायरच्या खाचांतले खडे काढले. एका खाचेत काचेचा तुकडा रुतलेला होता. आज ना उद्या आत शिरून ट्यूबपर्यंत गेलाच असता. तो त्यांनी जपून खिशात टाकला. शेवटी खोबरेलाची बाटली घेऊन दोन्ही चाकांच्या रिमा आतून-बाहेरून चोळल्या. गंज चढायला नको. स्वतःची सायकलही ते पावसाळाभर अशीच चोळायचे.

"बाळ कुणाचं आहे?" महिपतींनी पेपरआडून विचारलं.

रंगराव रिम चोळत राहिले. त्यांना फार बरं वाटत होतं. माणसाशी बोलता येत नाही ते त्याच्या चाकांशी बोलता येतं, असं त्यांना वाटलं.

अनिरुद्ध चैतालीबरोबर खाली आला आणि बघतच राहिला.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"भिजली होती हो." रंगरावांनी जुन्या बनियनला हात पुसले. "एक चक्कर मारून बघा."

अनिरुद्धने टांग मारली. पार्किंगमधून फाटकाकडे उतार होता, आणि फाटकाशी दुरुस्तीच्या कामाची वाळू पडली होती. उतार लागला तसा त्याने ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही. दोन्ही ब्रेक दाबले. सायकल अधिकच लाडात आली. पावसामुळे खांबांमध्ये बांधलेल्या दोरीवर महिपतींचं धुणं वाळत होतं, त्यातून जावई आरपार गेला आणि महिपतींच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यासकट वाळूत शिरला.

"माझा लेंगा!" महिपती ओरडले.

"माझा जावई!" रंगराव धावले. अधिक महिन्यात, धोंडे खाऊ घालून आपण जावई मारला, असंच त्यांना वाटलं.

अनिरुद्ध उठून बसला. गुडघा जरासा खरचटला होता. त्याने रिमेवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"बाबा, रिमला काय लावलंत?"

"खोबरेल. शुद्ध आहे."

"अहो, पण ब्रेकचे रबर रिमलाच धरतात ना! तेल लावल्यावर धरणार कसे?"

"मी तर जन्मभर लावत आलो."

"मग तुम्ही थांबायचात कसे?"

 रंगरावांनी उजवा पाय पुढे करून चप्पल जमिनीवर फरफटत ओढून दाखवली. त्यांच्या सायकलचे ब्रेक म्हणे लागतच नसत. ते का लागत नसत, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. तो आत्ता पडला.

 अनिरुद्धचे खांदे हलायला लागले आणि तो वाळूतच मागे कलंडून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. चैतालीने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. रंगरावही हसू लागले.

आरडाओरडा ऐकून खाली आलेल्या कौशल्याबाई मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "म्हणून उजवीच झिजायची होय! आणि मी मेली, पायात दोष आहे म्हणून अजून रोज रात्री तो पाय चोळते!"

"मग तुम्ही आईला कधी सांगितलं नाहीत, बाबा?" चैताली म्हणाली.

"तिच्या हाताला फार गुण आहे गं," रंगराव हळूच म्हणाले. कौशल्याबाई पदर सावरत दुसरीकडे बघू लागल्या.

मग सासरा-जावई पार्किंगमध्येच मांडी घालून बसले. साबणाच्या पाण्याने रिमा घासल्या, ब्रेकचे रबर पुसले. तेल फक्त चेनला द्यायचं आणि रिम कोरडी ठक्क ठेवायची, हे अनिरुद्धने समजावलं. रंगरावांनी खिशातून काचेचा तुकडा काढला. "अरे बापरे," अनिरुद्ध म्हणाला आणि टायरच्या खाचा कशा तपासायच्या ते विचारू लागला. चहा खालीच आला. संगम पुलावर रंगराव एकदा थांबताच न आल्याने सरळ साहेबाच्या स्कूटरवर जाऊन आदळले होते, ती गोष्ट अनिरुद्धने दोनदा सांगायला लावली. ऑफिस काय म्हणतंय, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

"पुढच्या रविवारी येतो, बाबा," निघताना तो म्हणाला. त्या रात्री रंगराव अंथरुणावर पडून बराच वेळ उगाचच हसत होते. उजवा पाय मात्र त्या रात्री कुणी चोळला नाही.

रविवारी तो आला. सायकलनेच, आणि हातात एक खोकं घेऊन. "तुमच्यासाठी नवे ब्रेक, बाबा." आत जाड रबरी तळाच्या झकास चपला होत्या. रंगरावांना गहिवरून आलं. त्यांनी महिपतींना ऐकू जाईल अशा आवाजात "कशाला हो एवढं," म्हणून घेतलं आणि दोन्ही घालून पार्किंगभर एक फेरी मारली.

कौशल्याबाईंनी चपला निरखून पाहिल्या.

"छान आहेत हो. पण डावी कशाला आणलीत? यांच्या न झिजलेल्या डाव्यांचं पोतं आहे माळ्यावर."