किती साफ दिसावं

पाणीचोर सापडला असता, तर गुणवंतरावांचा फायदा तीन बाबींत होता. पहाटेच्या दोन बादल्या, अध्यक्षपदाची आणखी तीन वर्षं आणि कॅमेरा घ्यायचा आपला हट्ट बरोबर होता हे बायकोसमोर सिद्ध होणं. पहिल्या दोन बाबींची त्यांना खात्री होती.

चौकीदार लालसूचा फायदा एकाच बाबीत होता. नोकरी टिकली असती. कारण कोरपन्याच्या त्या बारा घरांच्या कॉलनीने १ मे २००८ रोजी सर्वानुमते ठराव केला होता, की सामाईक टाकीतलं पाणी रात्रीतून कोण नेतं हे महिनाअखेरपर्यंत न कळल्यास चौकीदारास कार्यमुक्त करण्यात यावं. टाकी रात्री दहाला काठोकाठ असायची आणि पहाटे पाचला नळातून नुसती हवा यायची. बाराही घरांत कूलर होते आणि ते रात्रभर ओले असत. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध कार्यवृत्तात आढळत नाही.

कॅमेरा बसवला टीव्ही दुरुस्तीवाल्या कय्यूमने. पहिल्या रात्रीचं चित्रीकरण पाहायला अख्खी कॉलनी अध्यक्षांच्या हॉलमध्ये जमली. पडद्यावर मधोमध एक पांढरा ढग होता आणि ढगाच्या कडेला राखाडी काहीतरी हलत होतं.

"हाच चोर का?" गुणवंतरावांनी विचारलं.

"आता मी कसं सांगू भाऊ? टाकीले तुमी नवा चुना मारला. कॅमेऱ्याचा उजेड त्याच्यावर जाऊन आपटते, अन् वापस याच्याच डोळ्यात येते."

टाकी काळी रंगवण्यात आली. मे महिन्यात, चंद्रपूर जिल्ह्यात, काळी टाकी. पाणी इतकं तापू लागलं की कूलरमधून लोकांच्या अंगावर वाफ येऊ लागली, आणि तो गार व्हावा म्हणून लोक दुप्पट वेळा भरू लागले. चोरी वाढल्याची नोंद झाली.

मग कय्यूमने कडुनिंबाकडे बोट दाखवलं. "पानं कॅमेऱ्यासमोर येऊन राह्यले. तेच चमकते." फांद्या तोडल्या. त्या फांद्यांची सावली चार घरांवर पडायची. त्या घरांचे कूलर आता दिवसाही चालू झाले. तरी उजेड कमी पडतो, म्हणून दोनशेचा बल्ब लावला. बल्बावर किडे आले, किड्यांच्या मागे पाल आली आणि खाऊनपिऊन कॅमेऱ्याच्या काचेवर झोपली. त्या रात्रीच्या चित्रीकरणात टाकीपेक्षा मोठा, शेपूट असलेला इसम सलग सहा तास दिसतो. सचिव नीलिमा मॅडमनी "सदर इसम कॉलनीतील नसावा" असं लिहून घेतलं.

बल्ब काढला, पाल गेली, तरी चित्र धुरकटच. शेवटी धूळ सापडली. सिमेंटच्या मुलखात संध्याकाळी पुसलेली काच मध्यरात्री पांढरी होते. तेव्हा शिडी लावून रात्रीतून तीनदा ओल्या फडक्याने काच पुसण्याचं काम लालसूकडे आलं. पडद्यावर चोर कोणता आणि चौकीदार कोणता हे ओळखू यावं, म्हणून त्याला चमकत्या पट्ट्यांचं जाकीट देण्यात आलं.

लालसूने काच मनापासून पुसली. चित्र साफ येण्यात ज्याचं पोट अडकलं होतं, असा कॉलनीत तो एकटाच होता.

चोवीस मेच्या सभेत चित्र साफ दिसलं. हॉलमध्ये चहा फिरत होता. पडद्यावर एक वाजून दहा मिनिटांनी घर क्रमांक तीन पाइप घेऊन आलं. दीडला घर क्रमांक नऊ. मग नीलिमा मॅडम, दोन बादल्या आणि मागून टॉर्च दाखवणारे पतिराज. दोन वाजता फुलाफुलांच्या गाऊनमध्ये अध्यक्षांच्या कमळाबाई आल्या. चित्र इतकं साफ, की स्टीलच्या बादलीवर कोरलेलं "गुणवंत" वाचता आलं.

"काऊन वो," गुणवंतराव दबक्या आवाजात म्हणाले, "नावाची बादली नेऊ नको म्हणून सांगतलं होतं का नाई तुले?"

"अन् कूलरसमोर कोण घोरते? मी का?"

"अजून साफ करू का भाऊ?" कय्यूमने विचारलं. "गाऊनचे टाके मोजता येईन."

"नको!" बारा घरं एकदम म्हणाली. महिनाभरातलं हे पहिलं एकमत, ज्यासाठी हात वर करावे लागले नाहीत.

लगेच ठराव झाला: "चित्राचा दर्जा गरजेपेक्षा अधिक असून रहिवाशांच्या खासगीपणास बाधा आणतो. तो योग्य पातळीवर आणावा." योग्य पातळी म्हणजे कोणती, हे कय्यूमने विचारलं.

"बाहेरचा माणूस दिसला पाहिजे," नीलिमा मॅडम म्हणाल्या. "आपली माणसं आपल्याले ओळखीचीच आहेत."

कय्यूमने चित्र मंद केलं. चेहरे गेले, बादल्या गेल्या, गाऊनची फुलं गेली. अंधारात एकच गोष्ट लखलखत राहिली: जाकिटाच्या पट्ट्या. त्या पट्ट्या रात्रीतून तीनदा टाकीच्या नळापाशी वाकताना सगळ्यांनी पाहिल्या.

लालसूला हॉलच्या दारात बोलावण्यात आलं.

"टाकीतलं पाणी घेतलं?"

"घेतलं साहेब. मगभर. फडकं ओलं कराले."

"घेतलं. लिहा मॅडम, कबुली."

"साहेब, त्या दिवसाचं साफवालं चित्र एकदा लावा ना. त्याच्यात सगळं दिसन."

ते चित्र नष्ट झालं होतं. काचेचं काम लालसूवर सोपवलं असलं, तरी हे काम अध्यक्षांनी स्वतः केलं होतं.

एकतीस मेला लालसू कार्यमुक्त झाला. जाकीट धुऊन जमा करावं आणि धुण्याचं पाणी घरून आणावं, अशा दोन लेखी सूचना त्याला मिळाल्या. त्याने दोन्ही पाळल्या.

काच पुसायला कोणी उरलं नाही. आठवड्यात पडदा पांढराफेक झाला. ज्या अर्थी चोरी दिसत नाही, त्या अर्थी ती थांबली, असं जूनच्या कार्यवृत्तात आहे. पहाटे पाचला नळातून हवा येते, पण तो विषय आता पाणीपुरवठ्याचा आहे, चोरीचा नाही.

कय्यूमचा धंदा मात्र वाढला. कोणत्याही कॉलनीत तार ओढण्याआधी तो विचारतो, "साफ किती पायजे, भाऊ? तुमी दिसान इतकं, का चौकीदार दिसन इतकं?" पहिल्या प्रकाराची ऑर्डर अजून एकही आलेली नाही. तुमच्याकडून येईल, या आशेवर तो अजून आहे.

मे महिन्याचा एकूण हिशेब: बारा घरं, रात्रीला साठ बादल्या. लालसू, रात्रीला तीन मग. भरपाई तीन मगवाल्याने केली.