काचेच्या डबीतलं विरजण

सासूबाईंनी तोंडाला लावायच्या क्रीमचं विरजण लावलं होतं.

सुनेने सकाळी फ्रिज उघडला तर नमुन्याची काचेची डबी रिकामी, आतून बोटाने निपटून घेतलेली. ओट्यावर शालीत गुंडाळलेलं पातेलं. शाल सुनेचीच, चांगली ठेवणीतली.

"आई, हे काय?"

"दही लागतं का बघतेय," सासूबाई म्हणाल्या. "आंबवलेल्या दुधातले जिवंत घटक, असं तूच काल खोक्यावरचं वाचून दाखवलंस ना? जिवंत आहेत तर दूध समोर आल्यावर कामाला लागायला नकोत?"

सून मोठ्या दुकानात ह्याच क्रीमच्या काउंटरवर उभी राहायची. नोकरी अजून कच्ची होती. आज कंपनीचे तपासनीस येऊन ती पक्की करायची की तिला घरी पाठवायचं ते ठरवणार होते, आणि ते आधी नमुन्याची डबी उघडून बघतात हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर तिने डबी जिवापाड जपत घरी आणली होती.

सासूबाईंनी आधी चमचाभरच घातलं होतं. काही होईना, तेव्हा दूध गार पडलं असेल म्हणून पुन्हा कोमट करून आणखी घातलं. मग दुधातच खोट दिसली, म्हणून दूधवाल्याला फोन करून झाडलं. शेवटी डबीच उपडी केली. सुनेने नवऱ्याला हे सगळं सांगितलं, तर आईला पहिल्यापासून विज्ञानाची आवड आहे, असं म्हणून तो पुन्हा मोबाइलमध्ये शिरला. असल्या नवऱ्यांना नमुना म्हणूनसुद्धा कोणी ठेवून घेणार नाही.

रडायला वेळ नव्हता. सुनेने घरचं दही फडक्यात पिळून घट्ट केलं, लोण्यासारखं घोटलं, गुलाबपाणी शिंपडलं आणि डबी भरून दुकान गाठलं.

एरवी वास घेऊन पुढे सरकणाऱ्या बायका त्या दिवशी काउंटरवर रेंगाळल्या. कसं गार वाटतंय, म्हणाल्या. एकीला तर गाल ओढल्यासारखे वाटले, म्हणजे गुण येतोय, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. वरचे दिवे मात्र तापत होते, आणि डबीतलं दही आंबत चाललं होतं. तपासनीस आले, चष्मा पुसून डबीकडे वाकले, आणि झाकण आपोआप टप् करून वर उचललं गेलं.

त्यांनी वास घेतला. खणात उंदीर सापडावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"हे जिवंत आहे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आपल्या मालात काही जिवंत असता कामा नये. त्यासाठी कारखान्यात माणसं ठेवलीत."

नोकरी गेल्यातच जमा होती. मग जीभ तरी कशाला आवरायची?

"पण साहेब, खोक्यावर तसंच लिहिलंय की," सून म्हणाली, आणि मुद्दाम जरा मोठ्याने म्हणाली.

बायकांनी खोकी उचलून वाचायला सुरुवात केली. गाल ओढलेल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे बाकीच्या डब्यांतले मेलेले आहेत का हो?"

तपासनीसांनी खोक्यांकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. डबी खोटी म्हणावी तर खोकं खोटं पडत होतं. शेवटी त्यांनी डबीत बोट बुडवलं, स्वतःच्या गालाला चोळलं आणि नमुना उत्तम राखल्याबद्दल सुनेचं सगळ्यांदेखत कौतुक केलं. नोकरी पक्की झाली. जाताना मात्र ते कानाशी येऊन म्हणाले, ही डबी पुन्हा माझ्यासमोर उघडू नका.

घरी पातेलं शालीतच होतं. सासूबाई ते टाकू देईनात. रोज सकाळी झाकण काढून बघायच्या, बोट लावायच्या, वास घ्यायच्या. हळूहळू सूनही शेजारी उभी राहून वाकून बघायला लागली. पुढचा रविवार आला तरी पातेलं होतं तसंच.

"दही लागलं नाही ते एक वेळ समजू शकते," सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण अगं, इतक्या दिवसांत हे नासलंसुद्धा नाही. हे रोज तोंडाला लावल्यावर माणसाचं काय होतं, ते विचार की तुझ्या साहेबांना."

सून तडक तोंड धुवायला गेली.