मनकर्णाबाईंचं मौन

नागपूरच्या एका शाळेची मुलं धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतावर राहायला येणार हे पक्कं झालं, तेव्हा दुधरामजींनी घरात एकच गोष्ट बदलायची ठरवली. भाषा.

बदलण्यासारखं तसं बरंच होतं. न्हाणीघराची कडी लागत नव्हती आणि म्हशीचा स्वभाव चांगला नव्हता. पण दुधरामजींची सारी नोकरी गोंदियाच्या एका सरकारी कार्यालयात पत्रांचे मसुदे लिहिण्यात गेलेली. निवृत्त होऊन ते बिरसीजवळच्या आपल्या गावी परतले, तेव्हापासून शेती मनकर्णाबाई पाहत होत्या. (त्याआधीही त्याच पाहत होत्या. आता फरक इतकाच, की दुधरामजी बांधावर उभे राहून त्यांना पाहत.)

“शहरातली लेकरं आहेत,” त्यांनी बायकोला बजावलं. “‘काऊन’, ‘कायले’ असलं काही चालणार नाही. हसतील. शुद्ध बोलायचं.”

“मले नाही जमत.”

“मला जमत नाही.”

“तेच तं सांगून राहिली!” मनकर्णाबाईंनी पदर खोचला. “मंग मी बोलतच नाही. तुमीच बोला आता.”

आणि खरंच, शिक्षिका रेणू मॅडमसोबत मुलांची गाडी अंगणात थांबली, तशी मनकर्णाबाईंनी तोंड बंद केलं. पाणी दिलं, भात वाढला, सगळं हातवाऱ्यांनी. बोलायचं काम दुधरामजींनी उचललं.

“सदर म्हैस दुभती आहे. तरी कृपया तिच्या पाठीमागे कोणीही उभे राहू नये.”

मुलं आदरानं मान हलवत आणि वर घिरट्या घालणारी, बिरसी विमानतळावरच्या वैमानिक शाळेची छोटी विमानं बघत.

दुपारी हिमांशु नावाच्या एका चौकस मुलानं विचारलं, “काका, काकू बोलत का नाहीत?”

“त्या... बोलत नाहीत,” दुधरामजी गडबडले.

“ऐकूही येत नाही?”

“माझं तर कधीच येत नाही,” दुधरामजी इतक्या वर्षांच्या अनुभवानं बोलून गेले.

झालं! संध्याकाळपर्यंत सगळ्या मुलांना कळलं, की काकू बिचाऱ्या मुक्या आणि बहिऱ्या आहेत. मग काय त्यांची माया! कोणी त्यांच्या हातची बादली घेई, कोणी ताटं उचली. भूक लागली की पोट चोळून दाखवत, भाजी आवडली की दोन्ही हातांनी टाळ्या. मनकर्णाबाईंना हे सगळं इतकं गोड वाटलं, की खरं सांगायचं त्या पुढे ढकलत राहिल्या.

त्या मुलांत चंचल नावाची एक मुलगी होती. नाव चंचल, पण आल्यापासून तिच्या तोंडून शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी दुधरामजींनी पाहिलं तर ओसरीवर मनकर्णाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या आणि शेजारी बसून चंचल चक्क बोलत होती.

रात्रीचा स्वयंपाक करताना बाईंनी नवऱ्याला चुलीपाशी बोलावलं आणि कुजबुजल्या, “पोरगी बोलताना अडखळते. वर्गातली पोरं हासतात, म्हनून बोलतच नाही. मले म्हनते, काकू, तुम्हाला ऐकू येत नाही ना, म्हणून तुमच्याशी बोलते.”

“मग तू?”

“मी काय करू? तिचा शब्द येतपर्यंत मी तांदूर निवडत राहिली.” त्यांनी डोळे पुसले. (धूर होताच, पण तेवढा नव्हता.) “आता तोंड उघडलं, तं पोरीले काय वाटंल?”

अशा विषयावर दुधरामजींनी कधी मसुदा केलेला नव्हता.

सकाळी सगळे बांधीवर गेले. पाण्यानं भरलेल्या, चिखल केलेल्या त्या खाचरात बाया धानाची रोपं लावत होत्या. दुधरामजी मुलांकडे तोंड करून अरुंद बांधावर उभे राहिले आणि धानाविषयी सांगत सांगत एकेक पाऊल मागं सरकू लागले. मागं बांध फुटलेला होता.

मनकर्णाबाईंनी पलीकडून जोरजोरात हात हलवले.

“काकू म्हणतायत, अजून सांगा!” हिमांशुनं भाषांतर केलं.

दुधरामजी फुलून आले आणि अजून सरकले. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

“म्हणतायत, किती हुशार!”

“अवो, मांगं पाहा ना!” मनकर्णाबाईंचा आवाज शिवारभर घुमला. “कायले मांगं मांगं जाऊन राहिले? गड्डा हाये तिथं!”

दुधरामजी पाठीवर पडले. चिखलातून फक्त त्यांचा चष्मा आणि पोट दिसत होतं. पण तिकडे बघायला कोणाला वेळ होता? सगळी मुलं काकूंकडे धावली होती.

“काकूंना वाचा आली!”

चंचल मात्र उलटी वळली आणि घराकडे पळाली.

मनकर्णाबाईंना ती गोठ्यापाशी सापडली. पलीकडे हातपंपावर दुधरामजी कानातला चिखल काढत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

“त-तुम्हाला ऐकू येत होतं.”

“येत होतं, बाई. खोटी वागली मी. पन हासली का?”

चंचलनं मान हलवली. नाही.

“मले बी बोलाची लाज वाटे. माही बोली आयकून तुमी हासान म्हनून चूप राहिली.”

“क-कोण म्हणालं?”

बाईंनी हनुवटीनं हातपंपाकडे दाखवलं.

चंचल उठली आणि दुधरामजींसमोर जाऊन उभी राहिली. तोवर बाकीची मुलंही आली होती. तिनं तोंड उघडलं. शब्द अडला, परत अडला. कोणी हसलं नाही.

“क-काकूंची भ-भाषा छान आहे.”

दुधरामजींच्या मनात एक सुरेख, शुद्ध वाक्य तयार होत होतं. पण चिखलानं भरलेल्या तोंडातून निघालं ते वेगळंच. “हो बाई. चुकलंच माहं.”

त्यानंतर मनकर्णाबाईंनी साऱ्या मौनाची भरपाई केली. मुलं परत निघाली तेव्हा एकजात “आमी जाऊन राहिलो, काकू!” असं ओरडत होती आणि यांच्या आईवडिलांना काय सांगायचं, या काळजीत रेणू मॅडम होत्या.

पुढच्या रविवारी दुधरामजींचा फोन वाजला. चंचल होती! पोरीनं आठवणीनं आपल्याला फोन केला, म्हणून त्यांचा ऊर भरून आला.

“का... का...” तिकडून आवाज आला.

“बोल बाई, बोल! काकाच बोलून राहिलो,” ते गहिवरून म्हणाले. “कायची घाई नाही. बोल तू सावकाश.”

आणि खरोखर, जन्मात पहिल्यांदाच, कोणाचं वाक्य पूर्ण होईपर्यंत ते थांबले.

“का... का... काकूले द्या ना फोन.”