भानुदास मिस्त्री आणि न शिजवलेलं ऊन पाणी

भानुदास मिस्त्रींची नि माझी ओळख माझ्या चहामुळे झाली. नगरला बदली होऊन मी बर्फाच्या कारखान्यामागे खोली घेतली होती. पहिल्याच सकाळी ओट्यावर चहा पीत बसलो असताना एक पन्नाशीचा गृहस्थ आला, माझ्या कपाला उलटा हात लावला आणि म्हणाला, "निवला. वहिनींना सांगा, कप आधी ऊन पान्यानं इसळून घ्या. निम्मी ऊब चिनीमातीनंच खाल्ली." नाव त्यानंतर सांगितलं.

हा उलटा हात कुठेही लागायचा. सायकलच्या सीटला, भिंतीला, म्हशीच्या पाठीला. गल्लीतल्या एका लग्नात त्यांनी बोहल्यावरच्या नवरदेवाच्या कपाळाला हात लावून जाहीर केलं, "ताप न्हाई. नुसता भ्यालाय."

कारखान्यातलं बर्फाचं मशीन त्यांच्या ताब्यात होतं. "भाऊसाहेब, बर्फ कुनी करत न्हाई," ते मला समजावत. "पान्यातली ऊब उपसायची. मागं ऱ्हातो त्यो बर्फ."

"मग ती ऊब जाते कुठे?"

"गटारात!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की घरातलंच कोणी गटारात पडलंय. मशीनला गार ठेवून बाहेर पडणारं कढत पाणी त्यांच्या घरावरूनच वाहत जाई, आणि घरात त्यांची थोरली बहीण गोदाक्का पहाटे उठून विहिरीच्या गार पाण्यानं अंघोळ करी.

आक्का विधवा, सत्तरीला टेकलेल्या. बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या त्या हिवाळ्यात त्यांची बोटं इतकी सुजली की तांब्याही धरवेना. डॉक्टरांनी बजावलं, गार पाणी बंद, नाहीतर हात कायमचे जातील. पण आक्कांचा नेम कडक. चुलीवर तापवलं ते शिजवलेलं पाणी, आणि शिजवलेल्या पाण्यानं न्हाऊन देवाला हात लावायचा नाही. मशीनचं पाणी तर उष्टंच.

"मंग आग नको आन उष्टंबी नको," मिस्त्री म्हणाले. "ठीक हाय. तसं करू."

मला वाटलं, गंमत करतायत. पण त्या रविवारी ते मला भंगारवाल्याकडे घेऊन गेले. तिथे लोखंडी चौकटीत ताटांएवढे नक्षीदार पत्रे एकामागे एक उभे आवळलेले होते, मधे रबर. एका फटीतून गरम पाणी जातं, शेजारच्या फटीतून गार. पत्र्याआडून ऊब पलीकडे जाते, पाणी जात नाही. "चाळीवानी हाय," मिस्त्री म्हणाले. "भिंतीला भिंत, पन कुनी कुनाच्या घरात शिरायचं न्हाई."

अशी यंत्रं दोन होती. एक मोठं, चाळीस पत्र्यांचं, रबर नवंकोरं. दुसरं लहान, पंधरा पत्र्यांचं, रबराचा पार भुगा झालेला. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी मोठ्याकडे बोट दाखवलं. मिस्त्रींनीही त्यावर उलटा हात फिरवला, मग वाकून वास घेतला.

"कुठलं रं हे?"

"दारूच्या कारखान्यातलं," भंगारवाला म्हणाला. "बारकं दूध डेरीतलं हाय."

मिस्त्रींनी मोठ्यावरचा हात असा काढला की जणू चटका बसला. "बारकं बांध."

"अहो, त्याचं रबर गेलंय!" मी म्हणालो.

"रबर मी करीन. आक्काला काय सांगू? दारूतनं आलेलं पानी देवाला वत म्हनून?"

ट्रकच्या जुन्या ट्यूबा कापून त्यांनी पंधरा पत्र्यांचं रबर हातानं बनवलं. त्यात पंधरवडा गेला. कारखान्याच्या मालकांनी हसत परवानगी दिली, यंत्राच्या एका बाजूला मशीनचं कढत पाणी आणि दुसऱ्या बाजूला विहिरीचं पाणी जोडलं, आणि आक्कांच्या देखत परीक्षा ठरली. मशीनच्या पाण्यात नीळ घालायची. न्हाणीघरात विहिरीचं पाणी स्वच्छ आलं तर दोन्ही पाणी एकमेकांना शिवली नाहीत.

न्हाणीघरात पाणी आलं ते निळंशार.

आक्का तशाच उठल्या. विहिरीवर गेल्या आणि सुजल्या हातांनी गार पाणी अंगावर घेऊन आल्या. मिस्त्री दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी सगळे पत्रे सोडवले, तेव्हा एका पत्र्याच्या, पाणी आत घ्यायच्या भोकाभोवती रबराची कडी बसवायचीच राहिलेली सापडली. "सोताचंच घर उघडं ठिवलं मी," ते म्हणाले.

दुसऱ्या सकाळी आम्ही पुन्हा जमलो. बाहेर गटारात सुटणाऱ्या मशीनच्या नळाला पाणी गडद निळं. न्हाणीघरातल्या बादलीत स्वच्छ, तळ दिसणारं, आणि वर वाफ. आक्कांनी ओंजळीत घेऊन बराच वेळ पाहिलं, मग दार लावून घेतलं. मी हुश्श केलं. खरं सांगतो, माझ्या मुलाच्या निकालालाही मला इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

"मिस्त्री, जिंकलात! आक्कांचा नेम राहिला."

ते दाराकडे बघत हळूच म्हणाले, "नेम कसला, भाऊसाहेब. आई गेली तवा मी तीन वर्साचा. घरात सरपन एका हंड्यापुरतं. तो हंडा आक्का मला घालायची, आन सोता विहिरीवर. इचारलं की म्हनायची, मला शिजवलेलं पानी चालत न्हाई, माझा नेम हाय. हे मला कळाया लई वर्सं गेली. पन ती पन्नास वर्सं बोलली ते खोटं हाय, असं तिला कसं म्हनू?"

तेवढ्यात आतला तांब्याचा आवाज थांबला.

"भान्या," आतून हाक आली, "मला झालं रं. निम्मी बादली तुला ठिवलीय."

मिस्त्रींनी दाराला तोंड लावलं.

"समदं तूच घे, आक्का. हे संपत न्हाई."

मग पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ येत राहिला.