झाकण न लावणारं जंगल

बाळांनो, एक सांगा बघू. यंत्र बिघडलं तर भरवसा कुणावर ठेवावा? घरच्या माणसावर, की पिशवीत पाने-पकडी खुळखुळवत येणाऱ्यावर? उत्तराची घाई नको. घाईत गिऱ्हाईक फसतं आणि श्रोताही.

एका जंगलात, ओढ्याच्या वळणावर, तानूबाई नावाची पाणमांजर राहायची. धुणं हा तिच्या घरचा पिढीजात धंदा. हरणांच्या शाली, माकडांच्या चड्ड्या, दरबारातल्या गाद्यांच्या खोळी, सगळं तिच्याकडे. हात दुखायला लागले, तेव्हा तिनं वरून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन घेतलं. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका. सिंह गादीवर बसतो हे पटलं ना? मग वीजही पटवून घ्या.

त्या जंगलात एक रीत होती. कशाचंही झाकण कुणी लावायचं नाही. डबे उघडे, पेट्या उघड्या, पिंपं उघडी. कारण प्रत्येक घरातला कुणीतरी पूर्वज वासाला भुलून कशात तरी शिरला होता, आणि वरून झाकण पडलं होतं. म्हणून मशीन घरात आलं, तसं सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि झाकणाखाली बांबूचा टेकू लावला.

"आता धू खुशाल," त्या म्हणाल्या.

मशीननं पाणी घेतलं. कपडे घुसळले. पिळायची वेळ आली, तसं पीं पीं करून थांबलं. कपडे पाण्यात तसेच.

आधी बगळा आला. एका पायावर उभा राहून त्यानं विचार केला आणि उडून गेला. मग गिधाड येऊन बसलं.

"दुरुस्त करता का?" तानूबाईनं विचारलं.

"नाही. मी भंगारात घेतो. तुमचं चालू द्या, मला घाई नाही."

शेवटी झिपरूमिस्त्री आला. जातीचा कोल्हा. मशीनला कान लावून म्हणाला, "मोटर बसली."

"सकाळी तर चालत होती."

"बसण्याआधी सगळेच चालतात, वहिनी. आता बाहेर थांबा. यंत्राला दृष्ट लागते."

त्यानं गोणपाटाचा पडदा लावला. थोड्या वेळानं आत घर्रर्र आवाज झाला, कपडे पिळून निघाले, आणि मिस्त्री टोपलीभर मासे घेऊन गेला.

पुढच्या धुण्याला मशीन पुन्हा थांबलं. मिस्त्री पुन्हा आला. या वेळी पट्टा सैल झाला होता म्हणे. पण तानूबाई पाण्यातली. तिनं ओढ्यात बुडी मारली आणि पडद्याच्या मागच्या बाजूला, सांडपाण्याच्या नळीजवळ डोकं वर काढलं. बघते तर काय, मिस्त्रीनं बांबू काढून झाकण लावलं होतं. त्यावर बसून तो पेरू खात होता. खाली मशीन मजेत फिरत होतं. पेरू संपला, तसा त्यानं बांबू होता तिथं लावला आणि कपाळावर पाणी मारून घाम आणला.

तानूबाई बुडी मारून आली तशी परत गेली आणि टोपलीभर मासे मोजून दिले. धंद्यात ऐकलेलं लगेच बोलू नये, पाहिलेलं तर मुळीच नाही.

तेवढ्यात दरबारातून तरस आला. "उद्या दरबार आहे. खोळी वाळून आल्या नाहीत, तर पुढचं काम खालच्या डोहातल्या मगरीला."

मगर धुवायची छान. कपडे परत यायचे. न्यायला गेलेला मात्र यायचा नाही. दरबाराचं काम गेलं, तर तानूबाईची चूल बंद. तिनं खोळी टाकल्या. मशीन पिळायला आलं आणि थांबलं.

"सासूबाई, मशीन धड आहे. झाकण लावलं की फिरतं."

"शहाणी गं माझी. तुझ्या आजेसासऱ्यांना असंच कुणीतरी म्हणालं होतं, आत मासा आहे म्हणून."

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

"सांगायचे किती घेणार?"

"घरातल्या घरात काय घ्यायचं?"

"मग ठेव तुझ्यापाशी. मिस्त्री टोपलीभर मासे घेतो, तो काय वेडा आहे?"

तानूबाई मागच्या दारानं बाहेर गेली. कानाला फडकं बांधलं. पिशवीत पळी आणि चार गोटे भरले. खुळखुळ करत पुढच्या दारानं आत आली.

"मिस्त्रीण आहे. दोन टोपल्या पडतील."

"दोन?" सासूबाई सावरून बसल्या. "झिपरू तर एकच घेतो."

"त्याला तेवढंच कळतं."

"असं होय? या, बसा ना. चहा ठेवू तुम्हाला?"

गोणपाट लागलं. घर्रर्र झालं. खोळी पहाटेच्या वाऱ्यावर वाळल्या आणि वेळेत दरबारात पोचल्या. तानूबाईनं जाताना बांबू परत लावला होता. रीत ती रीत.

मग बोलावणी येऊ लागली. रानडुकराच्या मशीनमध्ये पाणीच येत नव्हतं. नळीच्या तोंडाची जाळी चिखलानं भरली होती. माकडांच्या मशीनमध्ये पाणी टिकत नव्हतं. सांडपाण्याची नळी त्यांनी जमिनीवर लोळत टाकली होती, येईल तेवढं निघून जायचं. अस्वलीणबाईंचं मशीन घरभर नाचायचं. एक पाय अधांतरी, आणि आतली गोधडी एका बाजूला गोळा झालेली.

"बाई, पाय टेकवला आणि गोधडी सारखी पसरली की झालं," तानूबाईनं सांगून टाकलं.

अस्वलीणबाईंचा चेहरा उतरला. "एवढंच? माझ्या मशीनला एवढासाच आजार? मी काय गरिबाघरची वाटले तुला?"

तानूबाईनं मोठा श्वास घेतला. "तसं नाही. गिअरबॉक्सही गेलाय."

"तेच म्हणते मी," अस्वलीणबाई समाधानानं म्हणाल्या.

संध्याकाळी झिपरूमिस्त्री वाटेत आडवा आला. "वहिनी, तुम्ही खरं सांगत सुटलात तर दोघंही उपाशी मरू."

"सांगून पाहिलं, भावजी. कुणी घेत नाही."

मिस्त्री हसला. तानूबाईही हसली. दुसऱ्या दिवसापासून दोघांचं दुकान एक झालं.

तात्पर्य: नेहमी खरं बोलावं, पण आधी दर सांगावा. फुकटचं खरं कुणी उंबऱ्याच्या आत घेत नाही. आणि बाळांनो, मोठे होऊन तुम्हीही चार पैसे असेच मिळवाल. खुशाल मिळवा. फक्त हिशेब प्रामाणिक ठेवा. कामाचे किती आणि गंभीर चेहऱ्याचे किती, हे तेवढं वेगवेगळं लिहीत जा.