देवाच्या बोकडाचा कट

जोतीरामने बोकड पळवायचं ठरवलं, तेव्हा आपण गुन्हा करतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. पणदऱ्याजवळच्या त्यांच्या वस्तीवर देवाला सोडलेला एक बोकड होता. त्याला मारायचं नाही, बांधायचं नाही, असा रिवाज. आणि बोकडाला तो रिवाज तोंडपाठ असावा. त्याने जोतीरामचा मेथीचा वाफा तिसऱ्यांदा साफ केला, तेव्हा शेजारच्या भीमाबरोबर बांधावरच ठरलं. बाजारच्या दिवशी बोकड टेम्पोत घालायचा आणि लांब बावड्याला, तिथल्या देवळापाशी सोडून यायचा.

घरी येऊन त्याने ही युक्ती मोठ्या कौतुकाने रविराजला सांगितली. पोरगा पुण्यात वकिली शिकत होता. पहिलंच वर्ष, त्यामुळे त्याला सगळं येत होतं.

“आबा, ह्यो फौजदारी कट झाला.”

“आरं, अजून बोकडाला हातबी लावला न्हाय!”

“लावायला लागत न्हाय. दोन माणसं पायजेत, त्यांचं एकमत पायजे आन् काम बेकायदा पायजे. बोकड देवस्थानचा, म्हंजे चोरी. ठरलं तितंच गुन्हा झाला.”

पोलीस पाटलाच्या जागेसाठी जोतीरामने अर्ज केला होता. पाच वर्षं तो त्या जागेकडे डोळे लावून बसला होता, आणि येत्या आठवड्यात ठाण्यातून हवालदार त्याची चौकशी करायला यायचा होता.

“मग मी एकमत मोडतो,” म्हणत तो उठला.

“खबरदार मोडाल तर!” त्याची बायको सारजा चुलीपुढून कडाडली. “माज्या कुरडया खाल्ल्यात त्यानं. दावं मी देते.”

“कटात आता तीन,” रविराज म्हणाला.

जोतीराम तडक भीमाकडे गेला. पण भीमाने टेम्पोवाल्या ऋषिराजला सांगूनही टाकलं होतं. “आता न्हाय कसं म्हनू? त्यो फुकट येतोय. त्याची सीट खाल्लीया बोकडानं.”

आता देवापुढेच कबुली द्यावी म्हणून जोतीराम देवळात गेला. पुजारी म्हस्कूने सगळं शांतपणे ऐकलं, दाराबाहेर डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “न्या एकदाचा. मूर्तीवर हार टिकू देत न्हाय. देवाला मी समजावतो.”

जोतीराम जितका माघार घेई, तितकी कटात माणसं वाढत. बाजारच्या दिवशी, भर दुपारी, टेम्पोभोवती अख्खी वस्ती जमली. वस्तीतल्या म्हाताऱ्या भागूबाईने बोकडाला कुंकू लावलं, पदराने डोळे टिपले आणि त्याला मागून जोरात ढकललं.

दोन दिवसांनी हवालदार आला. “ह्यो मानूस कुठल्या भानगडीत हाय का?” त्याने चावडीवर विचारलं.

“न्हाय!” चाळीस माणसं एका सुरात म्हणाली. कुणी चहा आणला, कुणी केळी.

हवालदार थक्क झाला. “इतकं एकमत मी उभ्या नोकरीत बघितलं न्हाय.”

जोतीरामला चहाचा ठसका लागला.

तो पोलीस पाटील झाला. वस्तीने त्याला फेटा बांधला. पहिल्याच आठवड्यात इंदापूरच्या पोलीस ठाण्यातून कागद आला. बावड्यात अज्ञात इसमांनी एक बोकड आणून सोडला असून, तो पिकांची नासाडी करतो. तरी आपल्या हद्दीत चौकशी करून अहवाल द्यावा.

जोतीरामने चष्मा पुसून लिहिलं, ‘घरोघर चौकशी केली. सदर बोकडास येथे कोणीही ओळखत नाही.’ अहवालाखाली, ज्यांचा प्रकरणाशी काही संबंध नाही अशा दोन पंचांच्या सह्या हव्या होत्या. त्याने सायकल काढली आणि शेजारच्या गावाला निघाला.